भोसरी-पिंपरी साइडला ए.ए.ची मीटिंग नक्की कुठे चालू आहे? दिलेल्या पत्त्यावर गेलो तर गेटला कुलूप

सेकंड_शिफ्टवाला

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय इथं, काय चुकलं तर सांभाळून घ्या. वय ३९, मूळचा लातूर साइडचा, १४ वर्षं झाली भोसरीत, एमआयडीसीत सीएनसीवर आहे. दारू म्हणाल तर विसाव्या वर्षापासून. आधी पगार झाला की, मग शनिवारचं बसणं, मग रोज, आणि मागची २ वर्षं तर सकाळी हात इतके थरथरायचे की ड्युटीला जायच्या आधी एक निप मारल्याशिवाय व्हर्नियर धरता यायचा नाही. दिवाळीनंतर मशीनवर बोट थोडक्यात वाचलं. सुपरवायझर भला माणूस, घरी बसवायच्या ऐवजी म्हणला आधी व्यसनमुक्ती सेंटरला जा, मग बघू. महिनाभर सेंटरला राहिलो. बाहेर येऊन आज २६ दिवस झाले, एक थेंब घेतला नाही.

आता मुद्दा. सुट्टी देताना तिथल्या मॅडमनी बजावून सांगितलेलं की औषधावर आणि स्वतःच्या जिवावर राहू नका, ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, मीटिंगला जात जा, आणि एक झेरॉक्स दिला पत्त्यांचा. मंगळवारी वीकली ऑफ होता म्हणून जवळचा पत्ता बघून गेलो, एक शाळा आहे, टाइम ७ चा लिहिलेला. गेटला कुलूप. वॉचमन म्हणला ते मीटिंगवाले होय, ते लॉकडाऊनपासून येत नाहीत इकडं. झालं. शाळेपासून माझी रूम दीड-दोन किलोमीटर असेल आणि त्या रस्त्याला ३ वाईन शॉप आहेत, त्यातलं एक तर सिग्नललाच, सिग्नल लाल असला की काउंटरवरचा माणूस तोंडओळखीनं हात करतो. कधी मोजली नव्हती ही दुकानं, त्या दिवशी मोजली. शेवटी वडापावच्या गाडीवर २ वडापाव खाल्ले, पाणी ढोसलं, पोट तुडुंब केलं आणि रिक्षा करून घरी आलो, मीटरनं नाही, मागेल ते दिले त्याला.

तर कुणाला माहिती असेल तर सांगा, या साइडला खरोखर चालू असलेली मीटिंग कुठं आहे. माझी सेकंड असली की ३:३० ते १२, म्हणजे संध्याकाळची मीटिंग जमत नाही. आणि तिथं काय काय विचारतात? नाव लिहून घेतात का? कंपनीत कळेल का? पैसे किती? आणि मला चारचौघात बोलता येत नाही हो, पिऊन बोलायचो तेवढंच.

कोरा_चहा

दादा, सगळ्यात आधी, त्या मंगळवारी तू वडापाव खाऊन घरी गेलास ना, ते काम मोठं केलंस. पोट भरलेलं असलं की निम्मी ओढ कमी होते, हे आम्ही नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो, तू न सांगता केलंस.

मी १२ वर्षं कोरा आहे, म्हणजे एक थेंब घेतला नाही, पुण्यातलाच. आता पत्त्याचं ऐक. ए.ए.च्या मीटिंगा कुणाच्या मालकीच्या जागेत नसतात, मनपाची शाळा, चर्चचा हॉल, कुठं समाजमंदिर, जी खोली स्वस्तात मिळेल ती. हेडमास्तर बदलला, शाळेला रंग काढला, की ग्रुप उठून दुसरीकडं. लॉकडाऊनमधे तर किती ग्रुप जागेवरून उठले आणि परत तिथं आलेच नाहीत. त्यामुळं झेरॉक्सवरचा पत्ता म्हणजे जुन्या एसटीचं वेळापत्रक समज. कुठंही जायच्या आधी फोन. ए.ए.चं भारताचं ऑफिस मुंबईला आहे, त्यांच्या वेबसाइटवर हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं फोन करून फक्त म्हणायचं, मला दारू सोडायचीय, मी भोसरीला राहतो, जवळची मीटिंग सांगा. ते पुण्याच्या माणसाला जोडून देतात. आणि हे लक्षात ठेव, फोन उचलणारा पगारी नसतो, तो पण आपल्यातलाच बेवडा असतो. लाजायचं नाही. बऱ्याचदा तोच म्हणतो थांब, मी येतो घ्यायला. हे उपकार नाहीत बरं का, नव्या माणसाला मीटिंगपर्यंत आणलं की आणणाऱ्याचा तो दिवस कोरा जातो, आमचा स्वार्थच आहे त्यात.

तुझे प्रश्न. नाव, नुसतं पहिलं पुरतं, खोटं सांगितलंस तरी कोण आधार कार्ड मागत नाही. रजिस्टर नाही, फॉर्म नाही. फी नाही. शेवटी एक थैली फिरते, १० टाक, २० टाक, काही टाकू नको, कोण बघत नाही. बाहेरच्या माणसाची देणगी आम्ही घेतच नाही, मग तो आमदार असो की कारखानदार. मेंबर व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा पाहिजे. सुटलेली पाहिजे असं पण नाही, इच्छा.

बोलायचं म्हणशील तर पहिल्या दिवशी नुसतं बसायचं. तुझ्यावर आलं तर म्हणायचं आज ऐकायला आलोय. मी पहिले २ महिने एवढंच म्हणायचो.

शिफ्टचं म्हणशील तर रविवारी सकाळी बऱ्याच ठिकाणी असते, फोनवर तसं विचार. तुझी फर्स्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळच्या २-३ मार, सेकंड असेल तेव्हा रविवार आणि रोज एक फोन. आम्हाला ९० दिवसांत ९० मीटिंगा सांगतात, शिफ्टवाल्याला ते जमत नाही, म्हणून सोडून द्यायचं असं नाही.

गावाकडचा_पाटील

एवढे उपद्व्याप कशाला. आमच्या चुलत्याला एका वैद्याची पावडर चहातून दिली, त्याला न सांगता, १५ दिवसांत दारूचा वास सुद्धा नको झाला. पाहिजे तर पत्ता देतो.

सिस्टर_सांगली

पाटील, रागावू नका पण ही पोस्ट वाचून राहवलं नाही. मी २२ वर्षं नर्स आहे. या "पावडरी"त काय असतं हे देणाऱ्याला सांगायला लावा एकदा. पुष्कळदा त्यात डायसल्फिराम कुटून घातलेलं असतं, म्हणजे वैद्याचं काही नाही, मेडिकलमधलीच गोळी. ती पोटात असताना माणूस दारू प्याला की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, बीपी एकदम खाली, आणि हार्टचा पेशंट असेल तर जातो. ही गोळी वाईट नाही, डॉक्टर देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, रक्त आणि लिव्हर तपासून. चोरून द्यायची ही गोळीच नव्हे. चोरून दिलेल्याला आम्ही कॅज्युअल्टीत बघितलंय, बायको बाहेर रडत होती की मी तर चांगल्यासाठीच दिलं हो.

दुसरं, हे मूळ प्रश्न विचारणाऱ्या दादांसाठी नाही, ते सेंटरमधून नीट होऊन आलेत, पण हा धागा वाचून कुणी उद्या घरी एकदम बंद करायला निघेल त्याच्यासाठी. सकाळी हात थरथरतात, घाम येतो, घेतल्याशिवाय उठवत नाही अशी अवस्था असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, कोण मारायला आलंय वाटतं. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि देवऋष्याकडे नेतात. ते बाहेरचं नसतं, दारू तुटल्याचं असतं आणि त्यात माणूस दगावतो. सिव्हिलला मानसोपचार ओपीडी असते, तिथं दाखवा, ५-७ दिवस औषधावर ठेवून उतरवतात. आणि सलाईन लावलं की उतरते हा समज काढून टाका, आधी बी-वन व्हिटॅमिनचं इंजेक्शन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला धोका होऊ शकतो. मीटिंग त्यानंतर. मीटिंग म्हणजे उपचाराच्या जागी नाही, उपचाराच्या पुढचं.

कुठं फोन करायचा सुचत नसेल तर सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे १४४४६, आणि डोक्यात नाही नाही ते विचार येत असतील तर टेली मानस १४४१६, मराठीत बोलतात, पैसे नाहीत.

गावाकडचा_पाटील

चुलता ठणठणीत आहे अजून. असो. संमतीचं पटलं.

नास्तिक_नाना

मी जरा वेगळा सूर लावतो, कोरा_चहा यांनी वाईट वाटून घेऊ नये. मी ए.ए.ला गेलो आणि तिसऱ्या मीटिंगला सोडली. भिंतीवर १२ पायऱ्यांचा, म्हणजे ए.ए.च्या दारू सोडायच्या १२ टप्प्यांचा, बॅनर, त्यात ईश्वर, शेवटी उभं राहून प्रार्थना, मला वाटलं आपण दारू सोडायला आलोय का सत्संगाला. त्यात मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये, तर आमच्या मातोश्रींना वाटलं मुलगा दारूतून सुटला पण धर्मातून गेला.

नंतर ६ महिन्यांनी परत पडलो तेव्हा कळलं की माझी अडचण ईश्वराशी नव्हतीच. मला "मी अल्कोहोलिक आहे" हे तीन शब्द बोलायचे नव्हते, ईश्वर हे सोयीचं निमित्त होतं. परत गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, तुमचा देव नसेना का, या खोलीत २० माणसं न पिता बसलीत, तुम्ही एकटे एक रात्र काढू शकत नव्हता, म्हणजे ही २० माणसं तुमच्यापेक्षा ताकदवान आहेत की नाहीत? तेवढं धरा. हिशेब पटला. प्रार्थनेच्या वेळी मी अजूनही गप्प उभा असतो, ७ वर्षं झाली, कोणी टोकलं नाही. चर्चचं पण सांगून टाकतो, चर्चचा आणि ए.ए.चा संबंध हॉलच्या भाड्यापुरता. गणपतीत हॉलच्या बाहेर आमच्यातल्याच एकाने मोदक वाटलेले.

ज्याला हे अजिबातच झेपत नसेल त्याला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच की, १९८६ पासूनचं, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं, पु.लं.नी आणि सुनीताबाईंनी मदत केलेली. उपचार घेऊन गेलेल्यांचे फॉलोअप ते बाहेरगावीही घेतात. साताऱ्याकडच्यांना परिवर्तन आहे. रस्ता एकच नाही. पण एकट्याने घरात बसून, मनावर दगड ठेवून, हा रस्ता नाही, तो मी ४ वेळा करून बघितलाय.

निनावी_ठाणे

मी पीत नाही, माझे मिस्टर प्यायचे. म्हणून लिहू की नको करत होते. दादा तुमचं लग्न झालंय का, रूमवर एकटे राहता की कुटुंब गावाला आहे हे लिहिलं नाहीत, म्हणून विचारते. कारण सगळे पिणाऱ्याबद्दल बोलतात, घरातल्या बाईला काय रोग लागतो ते कोण विचारत नाही. मला ह्यांच्या चपला जिन्यात वाजल्या की पावलावरून कळायचं आज किती झालीय. खिसे तपासणं, बाटल्या मोरीत ओतणं, ह्यांच्या ऑफिसला फोन करून ताप आलाय सांगणं, हे सगळं मी ९ वर्षं केलं आणि मला वाटायचं मी त्यांना वाचवतेय. अल-अॅनॉनला गेल्यावर, म्हणजे ही फक्त घरच्यांसाठी वेगळी मीटिंग असते, पिणाऱ्यांची नाही, तिथं एक ताई म्हणाल्या, तू ताप आलाय सांगतेस म्हणून तर त्यांना ताप येत नाही. मी दोन दिवस रागानं जेवले नाही त्या वाक्यावर. मग फोन करणं बंद केलं. ह्यांना मेमो मिळाला आणि मेमोनंतरच ते स्वतःच्या पायांनी सेंटरला गेले. मुक्तांगणमध्ये पण बायकांसाठी सहचरी म्हणून गट आहे.

हे आता ३ वर्षं नीट आहेत, पण मी माझी मीटिंग सोडली नाही. जिन्यात पाऊल वाजलं की अजून पोटात गोळा येतो, ते जायला वेळ लागणार म्हणतात. तुमच्या घरी कोणी असेल तर त्यांनाही सांगा दादा. आणि पिणाऱ्यांची "ओपन" असते त्या मीटिंगला घरच्यांना बरोबर नेता येतं, "क्लोज्ड" असेल त्याला फक्त तुम्ही, ते फोनवर विचारून घ्या.

श्टुटगार्टचा_शिरीष

नाशिकचा, सध्या जर्मनीत. इथं बिअर पाण्याइतकी स्वस्त आणि ऑफिसात फ्रिजमध्ये, विचार करा. इथल्या जर्मन मीटिंगला जायचो, भाषा येते पण रडणं जर्मनमध्ये येत नाही. म्हणून मराठी ऑनलाइन मीटिंगला बसतो, लॉकडाऊनमध्ये झूमवर सुरू झालेल्यांपैकी काही अजून चालू आहेत, लिंक हेल्पलाइनवाल्यांकडूनच मिळते, ती अशी उघड्यावर टाकत नाहीत. सेकंड_शिफ्टवाले दादा, तुमची ड्युटी ३:३० ला म्हणजे सकाळ मोकळी आहे, तुमच्यासाठी सकाळची ऑनलाइन एकदम बरोबर. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो. पण खरं सांगतो, ऑनलाइन म्हणजे फोटोतला लाडू, भूक तगवते, पोट भरत नाही. जमेल तेव्हा खोलीत जाऊन बसा.

एमएसडब्ल्यू_मुलगी

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हे वाचलेलं म्हणून सांगते. एम्सने २०१९ मध्ये देशभराचा सर्व्हे दिला, त्यात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे साधारण एकालाच काहीतरी उपचार मिळाला असं निघालं. म्हणजे दादा, तुमच्या सुपरवायझरने तुम्हाला त्या एकात नेऊन बसवलं. नशीबवान आहात तुम्ही, खरंच.

कोरा_चहा

नशीबवान वगैरे ठीक आहे ताई, पण उरलेल्या ३७ मधले निम्मे माझ्या गल्लीतले आहेत. दादा, फोन केलास का?

सेकंड_शिफ्टवाला

सगळ्यांचे आभार. फोन २ दिवस खिशात ठेवूनच फिरलो. शुक्रवारी रात्री १२ ला सुटलो, बसस्टॉपवर उभा राहून करायला गेलो आणि कट केला, म्हणलं झोपलेले असतील. शनिवारी सकाळी केला. एक वयस्कर माणूस बोलला, फार काही विचारलं नाही, जेवलास का एवढंच विचारलं, आणि रविवारी १० ची मीटिंग सांगितली, चिंचवड साइडला, नक्की जागा इथं लिहीत नाही.

निनावी ताई, कुटुंब गावाला आहे, मुलगा पाचवीला. मी सेंटरला होतो हे बायकोला माहीत आहे, आईला सांगितलंय की कंपनीनं ट्रेनिंगला पाठवलेलं. तुमची पोस्ट तिला वाचून दाखवली फोनवर, ती काही बोलली नाही, मग म्हणली लातूरला असतं का ते बायकांचं. विचारतो म्हणलं.

तर रविवार. २० मिनिटं आधीच पोचलो आणि समोरच्या टपरीवर उभा राहिलो, आत जायचं डेरिंग होईना. टपरीवाला चहा देता देता म्हणला मीटिंगला आलाय ना, जिन्यानं वर, डाव्या हाताची खोली. म्हणजे त्याला बघूनच कळलं! नंतर कळलं की तो सगळ्यांनाच विचारतो, नवा माणूस टपरीवर १० मिनिटांच्या वर उभा राहिला की. पहिली-दुसरीचा वर्ग असावा, बाक एवढाले की गुडघे छातीला लागले. भिंतीवर अननसाचा अ. एवढी दाढीवाली माणसं त्या बाकांवर बसलेली बघून मला हसायला आलं, आणि किती दिवसांनी आलं.

एक चेहरा ओळखीचा निघाला. कोण ते सांगत नाही. ज्याची भीती होती तेच पहिल्या ५ मिनिटांत झालं. पण त्यानं मला बघितलं तर तोच पांढरा पडला, माझ्यापेक्षा जास्त. मीटिंग सुटल्यावर जिन्यात हळूच म्हणला, ४ वर्षं झाली मला, कंपनीत कुणाला माहीत नाही. म्हणलं मला पण नाही.

बोललो नाही काही, आज ऐकायला आलोय म्हणलो, कोरा_चहा यांनी सांगितल्याप्रमाणं. एकानं आपलं सांगितलं, तो पण ड्युटीला जायच्या आधी घ्यायचा हात थांबावेत म्हणून, त्याचं काम शिलाईचं होतं, सुईत दोरा जाईना म्हणून. तेवढं ऐकलं आणि पुढचं मला काही ऐकू आलं नाही.

एक अडचण आहे. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट आहे तर गुरुवारी संध्याकाळच्या मीटिंगला ये म्हणलेत, आणि येताना चहा तू आण म्हणले. २०-२२ माणसं असतात. माझ्याकडं थर्मास नाही, केवढा घेऊ?

कोरा_चहा

नवीन घेऊ नको, ग्रुपच्या कपाटात ३ लिटरचा पडलेला असतो, चावी कुणाकडे ते विचार. ३ लिटरमधे अर्धा-अर्धा कप होतो सगळ्यांना. टपरीवाल्याकडूनच भरून घे. आणि साखर जास्त टाकायला सांग, नव्या माणसांना गोड लागतं, डायबेटिसवाले आपला वेगळा घेऊन येतात.